भाड्याच्या बारा पावत्या

आधी त्याला मीठ दिसलं. काशीतल्या एका मोफत अन्नक्षेत्राच्या लांबट दालनात दुपारची पंगत बसली होती, वाढपी बादल्या घेऊन धावत होते, आणि दाराजवळच्या एका पत्रावळीवर कुणाचा तरी हात चिमूटभर मीठ उचलून वर मधोमध ठेवत होता. वाढप्यानं मीठ, लोणचं, बटाट्याची भाजी सगळं एकाच जागी आपटलं होतं. इथे तो सगळ्यांनाच तसं आपटतो आणि कुणी काही म्हणत नाही. पण हा हात घाई न करता लोणचं डावीकडे नेत होता, भाजी उजवीकडे सारत होता, मध्ये भातासाठी जागा करत होता. सुमंत टेंबे हातात रिबिनीची कात्री धरून वॉटर कूलरशेजारी उभा होता. कूलर बँकेची भेट होती. पौष महिना, बाहेर बारा वाजले तरी धुकं हटलेलं नव्हतं, माणसं कानाला मफलर गुंडाळून जेवत होती आणि बँक त्यांना गार पाणी पाजत होती, कारण समाजकार्याचा निधी मार्चच्या आत संपवायचा होता आणि कूलरशिवाय दुसरं काही इतक्या लवकर मंजूर झालं नसतं. याचं त्याला सकाळपासून हसू येत होतं, संध्याकाळी बायकोला सांगायचं असंही त्यानं ठरवलं होतं. त्या हातावर मनगटाच्या वर भाजल्याचा जुना डाग होता. त्याच्या दहावीच्या परीक्षेत पहाटे चहा करताना पडलेला तो डाग होता आणि सुमंत तो कुठेही ओळखू शकला असता.

काकू. शरदिनी टेंबे, वय अडुसष्ट, त्याच्या धाकट्या काकांची बायको, पंचगंगा घाटावरच्या गल्लीत दोन खोल्यांत एकटी राहणारी. तिनं मान वर केली, त्याला पाहिलं, कूलरला बांधलेली लाल रिबीन पाहिली आणि नजर खाली घातली नाही. खाली घातली ती सुमंतनं. फोटोग्राफर म्हणाला, सर, थोडा इधर, स्माइल, आणि सुमंतनं दात दाखवून रिबीन कापली. तेवढ्यात भाताची बादली दुसऱ्यांदा फिरली आणि काकूनं पत्रावळीवर हात आडवा धरला, पुरे म्हणून, घरी सणाच्या पंगतीत धरतात तसा. त्या आडव्या हातानं त्याचं डोकं फिरलं. भीक मागायची आणि वर रीत पाळायची, असं त्याच्या मनात आलं. आलं ते आलं, आणि पुढे पुष्कळ दिवस ते वाक्य जाईना. बाहेर पडताना त्यानं फोटोग्राफरला झापलं, का ते फोटोग्राफरला कळलं नाही.

गाडी चौकात सोडून तो गल्लीतून चालत निघाला तेव्हा त्याचा राग अगदी स्वच्छ होता, आणि सगळा काकूवर होता. हिला काय कमी आहे? विधवा पेन्शन येते. राशन फुकट मिळतं, पाच किलो, दर महिन्याला. खोल्या स्वतःच्या आहेत, काका तिच्या नावावर करून गेले. कार्तिकात आकाशदिव्यांसाठी वाती वळून चार पैसे मिळवते. एकट्या बाईला आणखी काय लागतं? बँकेत डबा खाताना हा विषय निघाला की सुमंत नेहमी पुढे असे. पगार हातात पडायच्या आधी टॅक्स कापला जातो, तो जातो कुठे, तर या फुकट्यांच्या पोटात. आपण भरायचं आणि त्यांनी लायनी लावायच्या. हे तो मराठीत बोलायचा, हिंदीत बोलायचा, एकदा प्रशिक्षणात इंग्रजीतही बोलला होता आणि लोकांनी माना डोलावल्या होत्या. आता त्याची स्वतःची काकू लायनीत बसली होती, तीही अशा ठिकाणी, जिथे टेंबे म्हटल्यावर निम्मी काशी नीलकंठशास्त्र्यांचे कोण, असं विचारते. नीलकंठ काका पाठशाळेत वेद शिकवत. दक्षिणा मिळेल ती घेत, मागत कधी नसत. आणि त्यांच्या बायकोनं हे करावं. गल्लीत एक सांड आडवा उभा होता. सुमंतनं त्याला नेहमीसारखी वाट दिली नाही, खांद्यानं ढकलून पुढे गेला, आणि सांडानंच त्याला वाट दिली.

ती त्याच्या आधीच पोचली होती. दार उघडं होतं. शाल खुंटीला लावून ती पाय धूत होती. त्यानं चप्पल न काढताच विचारलं, हे कधीपासून चाललंय? ती म्हणाली, आधी चप्पल काढ. मग शांतपणे म्हणाली, भाद्रपदापासून. पेन्शन थांबली, मग राशन दुकानाच्या कोटेदारानं यादीत नाव नाही म्हणून सांगितलं. कार्तिकात वातींचे थोडे पैसे आले, तेही संपले. एक वेळ क्षेत्रात जेवते, रात्री दूध पिते. तिथे कुणी विचारत नाही. मला का नाही सांगितलंस, असं तो जवळजवळ ओरडलाच. ती म्हणाली, तू आलास कधी. तो म्हणाला, दिवाळीला आलो होतो. ती म्हणाली, आला होतास, गाडी चुकीच्या जागी लावली होतीस, अर्धा लाडू खाऊन गेलास. त्यानं राग सोयीच्या जागी वळवला. ही सरकारी कचेरीतली माणसं, यांना जिवंत बाईची पेन्शन बंद करताना लाज वाटत नाही. उद्याच जातो, बघतो एकेकाला. कागद दे. काकूनं कागद दिले नाहीत. नको जाऊस, सुमंता, एवढंच म्हणाली. तो समजला, घाबरते आहे. त्यानं फळीवरची पिशवी स्वतःच काढून घेतली. ती त्याच्याकडे बघत राहिली. ती घाबरलेल्या माणसाची नजर नव्हती, पण त्या वेळी त्याला ते दिसलं नाही.

त्या फळीखाली बसून तो शिकला होता. आई आजारी, घर लहान, म्हणून सहावीपासून दोन्ही वेळा काकूकडे जेवायचा. ताटात काय कुठे, हे तिनंच शिकवलं. मीठ वर, त्याच्या डावीला लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीला भाजी, मधे वरणभात. एकदा त्यानं चिडून विचारलं होतं, पोटात गेल्यावर सगळं एकच होतं, मग कशाला? काकू म्हणाली होती, पोटात गेल्यावर होऊ दे, पानात नको. ज्याची जी जागा आहे तिथे ते असलं म्हणजे कमी पडलेलं पटकन दिसतं. पुढे बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायला पैसे नव्हते तेव्हा तिनं दिले. कुठून दिले ते त्यानं विचारलं नाही. विचारायचं त्याला कधी सुचतच नसे. मनात आणलं असतं तर तो दर महिन्याला तिला काही देऊ शकला असता, पण पेन्शन येतेच आहे, राशन आहेच, असं म्हणून ते राहून गेलं. ज्या पेन्शनला तो डबा खाताना शिव्या घालत होता, तिच्याच भरवशावर त्यानं स्वतःचा हात आखडता ठेवला होता. हे त्याला त्या रात्री झोपेतही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, आणि तेही दुसऱ्यानं सांगितल्यावर.

कचेरीत काशीनाथ बाबू म्हणून एक वयस्कर कारकून होते. खोलीत हीटर होता, तो त्यांनी पायांजवळ ओढून घेतला होता. सुमंतनं ओळख करून दिली ती मोठ्या आवाजात: बँकेत अधिकारी आहे, माताजींचा भतीजा आहे, आणि एका गरीब विधवेची पेन्शन कुठल्या कायद्यानं थांबवली ते लेखी पाहिजे. मागे लायनीत उभे असलेले दोघे-तिघे त्याच्याकडे आदरानं बघू लागले. त्याला ते आवडलं. बाबूंनी आधार क्रमांक टाकला, चष्मा वर केला, खाली केला. मग न रागावता म्हणाले, "माताजी गरीब कहाँ हैं, साहब. मकान-मालकिन हैं. साल का एक लाख अस्सी हजार किराया आता है, पैन नंबर के साथ चढ़ा है. इस साल मिलान हुआ तो निकल आया." बाबूंनी पुढचं वाचलं. "कोई सुमंत टेंबे हैं, किरायेदार. बरसों से बराबर देते आ रहे हैं. भले आदमी होंगे, आजकल कौन देता है." हीटरची तार लाल होती आणि तिच्यावर धूळ जळल्याचा वास येत होता. सुमंतला तो वास फार जवळ आल्यासारखा वाटला. त्यानं विचारलं, आणि त्याचा आवाज आता अगदी लहान झाला होता, की यावर उपाय काय. उपाय सोपा होता. किराया मिळालाच नाही, असं लिहून द्यायचं. माताजींनी दिलं तर चौकशी होईल, किरायेदारानंच दिलं तर लवकर होईल. मग त्या किरायेदाराला नोटीस जाईल, त्यानं सूट कशी घेतली ती त्याची तो जाणे. "आप उनको जानते हैं?" बाबूंनी विचारलं. सुमंत म्हणाला, थोडा-बहुत.

तो पायऱ्या उतरू लागला. बारा वर्षं. दर जानेवारीत बँक पुरावे मागते, कुणी विमा दाखवतो, कुणी शाळेची फी, सुमंत घरभाडं दाखवायचा, म्हणजे तेवढ्यावरचा टॅक्स वाचायचा. राहता फ्लॅट बायकोच्या, सुनीतीच्या नावावर, तिच्या वडिलांनी दिलेला. पण कागदावर सुमंत टेंबे पंचगंगा घाटाजवळ काकूच्या खोलीत भाड्यानं राहत होता. ही युक्ती यज्ञेशनं सांगितली होती. यज्ञेश त्याचा शाळेपासूनचा मित्र, आता कर-सल्लागार. नात्यातल्या माणसाला भाडं दाखवायचं, त्या माणसाला बाकी उत्पन्न नसलं की त्याला टॅक्स लागत नाही, कुणाचं काही जात नाही. कुणाचं काही जात नाही, हे यज्ञेशचं वाक्य होतं, पण सुमंतनं ते इतक्यांदा म्हटलं होतं की ते त्याचंच झालं होतं. काकूचं पॅन कार्ड त्यानंच काढलं, बँकेला लागतं म्हणून सांगून. रसीदबुक घेऊन जायचा, बारा पावत्यांवर ती बारा सह्या करायची, पावतीवर चिकटवायची रेव्हेन्यू तिकिटं तो घेऊन जायचा, आणि शाई एकसारखी दिसू नये म्हणून तीन पेनं न्यायचा. तारखा मी घालतो, म्हणायचा. तिनं एकदा विचारलं होतं, एवढे पैसे मला मिळाले असं लिहिलंय का रे? तो हसून म्हणाला होता, कागदावर तू श्रीमंत आहेस, काकू. ती पण हसली होती. आता ते हसणं त्याला ऐकू येत होतं आणि त्याला कुणाला तरी मारावंसं वाटत होतं.

यज्ञेशला फोन केला तर तो म्हणाला, अरे, सगळेच करतात, तू एकटा आहेस का? काहीतरी लिहून बिहून देऊ नकोस. प्रमोशनची यादी मार्चमध्ये आहे ना तुझी? काकूंना दर महिन्याला दोन हजार देत जा, पेन्शनच्या दुप्पट झाले, त्याही खूश, विषय संपला. हिशेब बरोबर होता आणि त्यामुळेच सुमंतच्या डोक्यात तिडीक गेली. घाटावर येऊन तो एका बुरुजावर बसला. समोर धुक्यात गंगा दिसत नव्हती, नुसती वल्ह्यांची चपचप येत होती. त्यानं मनात पान वाढायला घेतलं. ज्याची जी जागा तिथे ते. सरकारनं त्याला वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास सोडले होते, बारा वर्षं, न मागता, लायनीत न उभं करता, अंगठा न घेता. त्याला कुणी कोटेदारानं पुढच्या आठवड्यात या म्हटलं नव्हतं. त्याला सूट म्हणत. काकूला वर्षाला बारा हजार आणि गहू-तांदूळ, त्यासाठी दर साली जिवंत असल्याचा पुरावा, बोटाची रेघ उमटली नाही तर परत फेरी. त्याला फुकट म्हणत. आणि टॅक्स काय तो एकटाच भरत होता? ती अंगाला साबण लावते, डोक्याला तेल लावते, गुडघ्याला मलम लावते, प्रत्येकाच्या वेष्टणामागे लहान अक्षरात तिचा टॅक्स छापलेला असतो, आणि तिला त्याची पावतीसुद्धा मिळत नाही. फुकट्या कोण, हे त्याला आता इतकं स्वच्छ दिसत होतं की डोळे मिटावेत असं वाटलं. खिशात फोन थरथरला. बँकेच्या ग्रुपवर कालचा फोटो आला होता. कूलर, रिबीन, सुमंतचे दात, आणि मागे डाव्या कोपऱ्यात पत्रावळीवर आडवा धरलेला एक हात. खाली बावीस अंगठे होते. मोठ्या साहेबांनी लिहिलं होतं, समाजाचं ऋण फेडण्याचा सुंदर प्रयत्न.

दोन हजार देतो, असं ठरवून तो उठला. हे सांगायला हवं: तो ठरवूनच उठला होता. वाटेत त्यानं नोटा मोजूनही ठेवल्या होत्या. यादीत नाव आलं की मग पुढचं बघू, एप्रिलमध्ये लिहून देऊ, एवढी वर्षं गेली तिथे तीन महिने, असं तो स्वतःला समजावत होता, आणि समजावताना स्वतःचा आवाज यज्ञेशसारखा येतो हे त्याला कळत होतं. त्यानं चाल वाढवली.

काकू खिडकीशी बसून वाती वळत होती. त्यानं चप्पल काढली. पिशवी फळीवर ठेवली. काही बोलायच्या आत तिनं मांडीजवळचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढे सरकवला. आत या वर्षाच्या पावत्या होत्या. बारा. सगळ्यांवर तिकिटं चिकटवलेली, सगळ्यांवर तिची बारीक, तिरकी सही. तारखांच्या जागा नेहमीप्रमाणे कोऱ्या. "जानेवारी लागला ना," ती म्हणाली. "तिकिटं पोस्टातून मीच आणली. तीन पेनं मात्र नाहीत माझ्याकडे, एकाच शाईत झाल्यात."

त्यानं विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, कोटेदारानं भाद्रपदातच वाचून दाखवलं की. पॅन, किराया, तुझं नाव, सगळं. मग बोलली का नाहीस, तक्रार का नाही केलीस, असं त्यानं विचारलं तेव्हा पहिल्यांदा तिच्या हातातली वात थांबली. तिच्या आवाजात इतका राग त्यानं आयुष्यात कधी ऐकला नव्हता. मोठा नव्हता तो, जुना होता.

"सही माझी आहे, सुमंता. खोटी सही केली म्हणून मला शिक्षा झाली, ती मी भोगते आहे. तक्रार कुठल्या तोंडानं करू? पण खोटं दोघांचं होतं. तुझी शिक्षा कधी सुरू होते, ते बघत होते मी. पाच महिने झाले. तू प्रमोशन घेशील, मी क्षेत्रात जेवीन. काल तर तू मला गार पाणी पाजायला आलास."

त्यानं नोटा बाहेर काढल्या. काढल्या आणि त्याला कळलं की हे करायला नको होतं. काकूनं त्या नोटांवर हात आडवा धरला. तोच डाग, तोच आडवा हात. तू दिलेलं मला नको असं नाही, ती म्हणाली, ते तू आधी द्यायला हवं होतंस, अजूनही दे, घेईन. पण ते त्याच्या जागी. पेन्शन माझी आहे, ती माझ्या जागी पाहिजे. मग डब्याकडे बोट करून तिनं विचारलं, हे नेतोस का?

सुमंतला सगळ्यांचा राग आला होता, यज्ञेशचा, हीटर पायांजवळ ओढणाऱ्या बाबूंचा, बावीस अंगठ्यांचा, आणि या म्हातारीचा, जिनं पाच महिने एक वेळ जेवून त्याची परीक्षा पाहिली. तो राग खराच होता, पण फिरून फिरून जिथे येत होता ती जागा त्याचीच होती. त्यानं वरची पावती उचलली आणि फाडायला घेतली. फाडू नकोस, काकू म्हणाली, तिकिटं माझ्या पैशांची आहेत, लिहायला कागद लागेल तर हाच आहे. तिनं तिचं पेन पुढे केलं.

त्यानं पावती उलटी केली. मागची बाजू कोरी होती. गुडघ्यावर ठेवून तो हिंदीत लिहू लागला, की मी सुमंत टेंबे, अमुक बँकेत नोकरीला, श्रीमती शरदिनी टेंबे यांच्या घरात कधीही भाड्यानं राहिलो नाही आणि बारा वर्षांत त्यांना एक रुपयाही भाडं दिलेलं नाही. एक रुपयाही, हे शब्द त्यानं परत वाचले, कारण हे एवढंच वाक्य सगळ्या कागदांत खरं होतं. खाली सही केली. मार्चची यादी डोळ्यांसमोरून गेली, सुनीतीचा चेहरा गेला, डब्याचं टेबल गेलं. काकूनं चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवून सगळं वाचलं, दोनदा वाचलं. उद्या मीपण येते, त्या बाबूसमोर मलाही माझ्या सहीचं सांगायचं आहे, असं म्हणाली. कागद घडी करायला तिनं उचलला आणि परत त्याच्यासमोर ठेवला.

"तारीख राहिली," ती म्हणाली. "आजची घाल."